कोतवालाच्या वहीत मी नव्हते

प्रिय अनघा आणि निनाद,

परवा फोनवर तुम्ही विचारलंत, "आजी, एका पासपोर्टला एवढा वेळ का?" आता तो हातात आला आहे, तेव्हा सगळं क्रमाने लिहिते.

माझ्या शाळेच्या दाखल्यावर एक जन्मतारीख होती आणि नोकरीच्या सेवापुस्तकात दुसरी. पासपोर्ट कार्यालयाने कळवलं, जन्माची मूळ नोंद आणा. ती मिळाली नसती, तर तुमच्या धाकट्या भावंडाच्या जन्माला मी तिकडे परदेशी पोचू शकले नसते.

वर्गात मी सरकार नेहमी वरून खाली शिकवलं: केंद्र, राज्य, जिल्हा, तालुका, गाव. या वेळी खालून चढायचं ठरवलं. सकाळी वर्ध्याजवळच्या बोरगाव मेघेहून निघाले, हिंगणघाटला एसटी बदलली आणि वडनेरला, माझ्या वडिलांच्या गावी, उतरले. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना कपाशी फुटली होती.

तलाठी कार्यालयात फक्त कोतवाल, म्हणजे गावात सरकारी निरोप पोचवणारा माणूस, कागद लावत बसला होता. दौलत त्याचं नाव.

"पटवारी (तलाठी) साहेब दुसऱ्या गावाले गेले. तुमी काऊन (का) आल्या बाई?"

"माझ्या जन्माची नोंद शोधायला."

"आता? या उमरीत?" तो मनापासून हसला. मग त्याने समजावलं. पूर्वी गावात मूल जन्मलं की कोतवाल खबर द्यायचा आणि ती वहीत चढायची. त्या जुन्या वह्या, कोतवाल बुकं, आता हिंगणघाटच्या तहसील कार्यालयात. "मी डाक घेऊन तिकडंच जाऊन राह्यलो. चाला."

मी शाळेत नागरिकशास्त्र शिकवायचे, हे त्याला वाटेतच सांगून झालं. हिंगणघाटच्या बसस्थानकावर आम्ही तर्री (तिखट लाल रस्सा) घातलेले पोहे खाल्ले. माझे कान गरम झाले. दौलतने आणखी तर्री मागून घेतली.

तहसीलच्या रेकॉर्ड खोलीत लाल कपड्यात बांधलेले गठ्ठे छतापर्यंत रचलेले होते. तिथल्या कारकुनाने वडनेरची वही काढली आणि माझं वर्ष पाहिलं. मागचं पाहिलं, पुढचंही. बोट सावकाश खाली सरकत होतं. माझं नाव तर सोडाच, माझ्या वडिलांचंही नाव कुठे नव्हतं.

"नोंद आढळली नाही, असा दाखला देतो," तो म्हणाला आणि लिहायला बसला.

"नीट पाहा. आमचं घर वडनेरचंच," मी वर्गातल्या आवाजात म्हटलं. पण तो कागद झाला असता तर माझा प्रवास तिथेच संपला असता.

दारातून दौलत म्हणाला, "थांबा साहेब. बाई, तुमी घरच्या कितव्या?"

"पहिली."

"मंग? पहिलं बाळंतपण सासरी कोन करते? तुमची माय माहेरी गेलती असन नाई?"

"हो. आजोळ माझं हिंगणघाटचं."

कारकुनाने पेनाला टोपण लावलं. "मग माझ्याकडं काय शोधून राह्यल्या? इथं खेड्याच्या वह्या. शहरातले जन्म नगरपरिषदेत."

"पोरायले सरकार शिकवत होत्या म्हनता न तुमी?" दौलत म्हणाला. मी पिशवी उचलली.

नगरपरिषदेत एका तरुण कारकूनबाईंनी जाड रजिस्टर उघडलं आणि अर्ध्या तासात बोट थांबवलं. वडिलांचं नाव, गाव वडनेर. तारीख शाळेच्या दाखल्यावरचीच. अपत्य: मुलगी. नावाची जागा कोरी, कारण बारसं व्हायचं होतं. 'खबर देणारा' या रकान्यात माझ्या आजोबांचं नाव. ते जिनिंगमध्ये (कापसातून सरकी काढण्याच्या कारखान्यात) कामाला होते. कामावर जाण्याआधी किंवा सुटल्यावर, ते स्वतः चालत इथे आले असणार आणि नात झाली म्हणून सरकारला सांगून गेले असणार.

ती मुलगी मीच, असं प्रतिज्ञापत्र पुन्हा तहसीलमध्ये जाऊन केलं. तोच कारकून या वेळी खुर्ची पुढे सरकवून म्हणाला, "बसा मॅडम."

दौलत मला वर्ध्याच्या गाडीपर्यंत सोडायला आला. "इमानात (विमानात) खिडकीपाशी बसजा बाई. अन् नातवायले सांगजा, वडनेरचा कोतवाल नसता तं आजी आली नसती."

सांगितलं. सरकार म्हणजे दिल्लीतली इमारत, असं मी वर्षानुवर्षं फळ्यावर काढत आले. पण माझ्यापुरतं ते पहिल्यांदा सुरू झालं एका रकान्यापाशी, जिथे एका मजुराचं म्हणणं कुणीतरी ऐकून लिहून घेतलं. मी कळती होण्याआधीच आजोबा गेले; त्यांना आठवणारं आज कुणी उरलेलं नाही. ती ओळ हिंगणघाटच्या रजिस्टरात आहे, आणि शाई अजून वाचता येते.