मार्थाबाईंची पाळी

पुंडलिकनगरात आमच्या गल्लीत नळाला पाणी आलं, की मार्थाबाई आधी तोटीखाली नुसता हात धरायच्या, "उपकार, प्रभू" म्हणायच्या आणि मगच हंडा लावायच्या. मी शेजारून ओरडायची, "अहो, आठ दिवसांनी आलंय! आधी ड्रम भरा, उपकार मागनं माना!" त्यावर त्या म्हणायच्या, "सुमन, उपकाराला किती येळ लागतो गं? तुझ्या बडबडीत चार हंडे झाले असते."

त्या मूळच्या देवगाव रंगारीच्या. एका दवाखान्यात आयाचं काम करून निवृत्त झालेल्या. नवरा लवकर वारला होता. मुलगा शमुवेल, म्हणजे शमू, इमारतींना रंग द्यायचा. उस्मानपुऱ्यात काम चालू असताना दुसऱ्या मजल्यावरून पडला आणि कमरेखाली लुळा झाला. वय एकोणतीस.

त्यानंतरची दोन वर्षं मार्थाबाई दर दोन तासांनी त्याची कूस बदलायच्या, पाठ पुसायच्या, पावडर लावायच्या. एकदा मी म्हटलं, "बाई लावा. तुमची कंबर मोडेल." तर म्हणाल्या, "चाळीस वर्षं लोकांची लेकरं उलथीपालथी केली. आता माझं एकच हाय." पडून राहणाऱ्या माणसाची पाठ फुटते, ती जखम मग भरत नाही, हे त्यांनी वॉर्डात पाहिलं होतं. तेवढं होऊ द्यायचं नाही, एवढाच त्यांचा हट्ट होता.

दर बुधवारी संध्याकाळी त्यांच्याकडे घरप्रार्थना असायची. सतरंजीवर गोल करून बसायचं, गाणं म्हणायचं आणि मग पाळीपाळीनं प्रत्येकानं आठवड्यातला एक उपकार सांगायचा. बाकीचे "आमेन" म्हणायचे. मी दाराशी बसायची, खरं सांगायचं तर चहा आणि शंकरपाळ्यांसाठी. आमचा देव वेगळा, म्हणून पाळी मला वगळून पुढं जायची. लोक शमू चालू लागावा म्हणून प्रार्थना करायचे. मार्थाबाई म्हणायच्या, "शमूची पाठ कोरडी हाय. उपकार." दर बुधवारी तेच.

शमू न्यूमोनियानं गेला. चार दिवसांत. शेवटची आंघोळ घालताना त्यांनी त्याला कुशीवर वळवलं आणि आम्हा बायकांना म्हणाल्या, "पाठ बघा." आम्ही पाहिली. एक ओरखडा नव्हता. त्या रडल्या नाहीत. मलाही रडू आलं नाही. टॉवेल कुठं वाळत घालायचा, एवढंच मी विचारलं.

पुढच्या बुधवारी प्रार्थना चालवणाऱ्या पाळकसाहेबांनी दयेपोटी त्यांची पाळी गाळली. पलीकडच्या बाई बोलायला लागल्या, तेवढ्यात मार्थाबाई म्हणाल्या, "पाळकसाहेब, माझी पाळी ऱ्हायली."

"बोला, मार्थाबाई."

"काही नाही."

कुणीतरी हळूच म्हणालं, "देवाची इच्छा, मावशी." त्यांनी तिकडं पाहिलंही नाही. "आमेन म्हणा की," त्या म्हणाल्या. "मी बोलले नाय का?" मग सगळ्यांनी कसंबसं आमेन म्हटलं.

पुढं कितीतरी महिने हेच चाललं. पाळी आली की "काही नाही." आमेन. माझंच डोकं फिरलं. एकदा भांडी घासताना विचारलं, "एवढा राग आहे देवावर, तर बसता कशाला तिथं?"

"राग हाय म्हणूनच बसते. ज्याच्यावर राग हाय त्याच्याच पुढं बसावं लागतं. तुझ्यापुढं बसून काय उपेग? तू तर मला घर बदला म्हणशील." मी तेच म्हणणार होते. "त्याचा पोरगा बी क्रुसावर मेला होता, सुमन. त्याला ठाव हाय कसं वाटतं. त्यानं मला बोल म्हणून जबरदस्ती केली नाय. मीच पाळी सोडत नाय."

मला हे पटलं नाही. आजही पटलेलं नाही. पण पावसाळा संपता संपता एका बुधवारी त्या म्हणाल्या, "पाणी आलं. उपकार." एवढंच. आणि चहा टाकायला आत गेल्या. त्या दिवशी चहात साखर विसरल्या. सगळ्यांनी तसाच प्यायला, मीसुद्धा.

या वर्षी मार्थाबाई गेल्या. सकाळी छातीत दुखलं, दुपारी संपल्या. मला काही वाटलं नाही, म्हणजे वाटायला हवं होतं ते वाटलं नाही. त्यांच्या चपला आत घेतल्या, गॅस बंद केला, पुतण्याला फोन लावला. अलीकडे त्यांचा ड्रम मीच भरायची; दुसऱ्या दिवशी पाणी आलं तेव्हा त्या सवयीनं तोही काठोकाठ भरला. भरल्यावर लक्षात आलं. मग त्याच्याकडे बघत उभी राहिले. ओतून टाकवेना.

तिसऱ्या दिवशी त्याच खोलीत प्रार्थना झाली. सतरंजी तीच होती. दाराशी जागा नव्हती, म्हणून मला गोलात बसावं लागलं. सगळे मार्थाबाईंबद्दल एकेक उपकार सांगत होते. पाळी माझ्याशेजारच्या बाईंपर्यंत आली, त्यांचं झालं, आणि नेहमीसारखी मला वगळून पलीकडच्या म्हाताऱ्यानं घसा खाकरला.

"माझी पाळी राहिली," मी म्हणाले.

पाळकसाहेबांनी पुस्तक मिटलं. "बोला, सुमनताई."

मी बोलायला तोंड उघडलं. ड्रमचं सांगणार होते, शंकरपाळ्यांचं सांगणार होते.

"काही नाही," मी म्हणाले.

या वेळी कुणी अडखळलं नाही. सगळ्यांनी एकदम आमेन म्हटलं, आणि पाळी पुढं गेली.