स्पीकरवरचा काका

लाखांदूरच्या एसटीत शेजारी बसलेल्या त्या काकाचं नाव मला ठाऊक नाही. आवाज मात्र अख्ख्या झाडीपट्टीला ठाऊक असणार. तो नुसता 'हॅलो' म्हणाला, तरी दोन तलावांवरचे बगळे उडाले. फोन स्पीकरवर, तोंडासमोर आरशासारखा धरलेला.

पलीकडे कुणी 'पोलीस' होता. "तुमचा मुलगा नागपुरात पकडला गेलाय. सोडवायचा तर आत्ता पैसे पाठवा. आणि कोणाला सांगू नका!"

काका घाबरून आणखीच मोठ्याने म्हणाला, "सांगत नाही साहेब, पण बसमंदी सारेच आयकून राहिले ना!"

"काका, पयले पोराले फोन लावा!" मागून एक बाई ओरडली. कंडक्टरने फोनजवळ वाकून विचारलं, "साहेब, ठाणं कोणतं?" तसा फोन कटला.

काकाने पोराला फोन लावला, तोही स्पीकरवरच.

"बाबा, मेसमंदी जेवून राहिलो. कायले ओरडता?"

चोराला माणूस एकटा गाठावा लागतो. हा पठ्ठ्या जन्मात कधी एकटा बोललाच नसेल.

"काही नाही रे," काका डोळे पुसत म्हणाला, "भाजी कोणती हाय?"

आणि भाजीचं नाव ऐकायला सारी बस गप्प झाली.