चौथ्या पेरावरची खूण

किस्से कुणी मुद्दाम गोळा करत नाही, ते साचत जातात. आमच्या किन्हवलीच्या तालमीचे इतके साचलेत, की आता ऐकायलाच माणसं उरली नाहीत. जिथं आम्ही तीसेक जण लाठी फिरवायचो तिथं आज भाताची पोती रचलेली असतात. आमच्यातले उरलेले दोघं-तिघं भेटलो की तेच ते किस्से पुन्हा निघतात. आधी हसतो, मग एकेक जण उठून जातो. तुम्ही आता बसलाच आहात तर ऐका. हसू आलं तर लगेच हसून घ्या, पुढं फारसं येणार नाही.

* * *

आमचे गोविंदा वस्ताद म्हणजे काळा, उभट, कमी बोलणारा माणूस. लाठी ते शिकवायचे, पण त्यांचा खरा जीव काठी निवडण्यात. ‘फिरवायला कुणी पण शिकंल. काठी वळखायला जलम जातो,’ म्हणायचे.

वेळू तोडायचा तो थंडीत, अंधाऱ्या पंधरवड्यात, म्हणजे आतून पोखरणारा भुंगा लागत नाही. महिनाभर ओढ्यात बुडवून ठेवायचा, मग चुलीवरच्या माळ्यावर धुरात. नंतर विस्तवावर शेकून सरळ करायचा आणि करंजाचं तेल पाजायचं. एवढं सगळं झाल्यावर परीक्षा! वस्ताद काठी उभी धरायचे, वीतभर उंचीवरून दगडावर सोडायचे आणि डोळे मिटून आवाज ऐकायचे. ठणठणीत वाजली तर तापल्या दाभणानं चौथ्या पेरावर तीन ठिपके. नाही वाजली तर चुलीत!

माझी पहिली काठी मी मोठ्या हौसेनं नेली. पिवळीधमक, सरळसोट. वस्तादांनी दगडावर सोडली, ऐकली आणि माझ्या हातात परत दिली.

‘नथू, हिला हळद लाव नि मांडवात उभी कर. मारामारीला नको नेऊस!’

दुसरी त्यांनी स्वतः निवडली. काठी धरणाऱ्याच्या भिवईपर्यंत लागते, आणि मी तर पहिल्यापासून बुटका. वेळूचा उरलेला तुकडा माझ्या हातात देऊन म्हणाले, ‘हा घरी ने. आईला फुंकणी व्हईल.’ सगळी तालीम हसली. ती फुंकणी आमच्या चुलीपाशी अजून आहे. काठी नाही.

* * *

वस्तादांना एकच मुलगा, काशिनाथ. बापाला शिकवील असा हात! मनगट तर असं फिरायचं, की काठी दिसायचीच नाही, नुसता आवाज यायचा.

जत्रेत आमचे खेळ व्हायचे तेव्हा शेवटी काशिनाथचा आयटम असायचा. एकानं डोक्यावर लिंबू ठेवून उभं राहायचं आणि त्यानं काठीच्या टोकानं ते उडवायचं. उभं राहायला बुटका माणूस सोयीचा, म्हणून मी! आठ-नऊ वर्षं त्यानं माझ्या डोक्यावरचं लिंबू उडवलं, पण केसालाही धक्का लागला नाही. एकदा मुरबाडकडच्या जत्रेत काठी खाली येताना मला शिंक आली. डोकं पुढं गेलं. मी डोळे मिटून बायकामुलांची नावं घेतली. उघडले तर काठी कपाळापासून दोन बोटांवर थांबलेली!

‘नथूदादा,’ काशिनाथ शांतपणे म्हणाला, ‘आता शिंक. मी थांबलोय.’

लोक पोट धरून हसले. त्या दिवसापासून मी सांगत आलोय, की माझं उरलेलं आयुष्य त्या पोराच्या मनगटानं दिलेलं आहे. तेव्हा ते नुसतं बोलायचं म्हणून बोलायचो.

* * *

काठीच्या बाबतीत वस्तादांना खोटं बोलता यायचं नाही. एरवी बाजारात चार थापा मारतील, पण काठी हातात आली की संपलं!

त्यांच्या मुलीची सोयरीक सापगावला ठरत होती. बैठकीत व्याह्यांनी कौतुकानं आपल्या आजाची काठी बाहेर काढली. चांदीच्या कड्या, लाल गोंडा. मी वस्तादांच्या मांडीला चिमटा काढला. उपयोग शून्य! त्यांनी ती अंगणातल्या पायरीवर सोडली, डोळे मिटले आणि म्हणाले, ‘भुंगा लागलाय.’

व्याही म्हणाले, ‘पाव्हनं, आमच्या आजानं हिच्यानं वाघ हाणलाय!’

‘वाघाला नशीब नव्हतं,’ वस्ताद म्हणाले.

लग्न झालं, नाही असं नाही. पण व्याह्यांनी तो राग सुनेवर काढला. दोन वर्षं पोरीला दिवाळीला माहेरी धाडली नाही. वस्तादीणबाई मला म्हणाल्या, ‘नथूभाऊ, एकदा चांगली हाय म्हनले असते तर काय जीब झडली असती? माजी पोर आली असती रे.’ हे मी वस्तादांना सांगितलं. त्यांचे डोळे भरून आले. म्हणाले, ‘मला पण तसंच वाटतं. पन भुंगा व्हता ना!’

* * *

मग तालीम हळूहळू रिकामी होत गेली. कोण मिलमध्ये गेला, कोण रेल्वेत. लढाई सुरू झाल्यावर दोघं पलटणीत भरती झाले, त्यांतला एक परत आलाच नाही. संध्याकाळी काठ्यांचा आवाज आधी गावभर जायचा, तो आता शेजारच्या घरापर्यंत जाईना. मला फार वाईट वाटायचं. वस्ताद मात्र रोज तालीम स्वतः झाडायचे.

एकदा आखाड्यात आम्ही तिघंच उरलो, वस्ताद, काशिनाथ आणि मी. मी म्हटलं, ‘वस्ताद, बंद करा आता.’

‘कशाला बंद?’ ते म्हणाले. ‘बेचाळीसच्या दसऱ्याला काठ्यांची पूजा झाली का गादी काशिनाथला देणार. त्याचा हात हाय तवर तालीम हाय. तू हायेस ना लिंबू ठेवायला?’

* * *

त्या दसऱ्याआधीच्या उन्हाळ्यात एक ठेकेदार आला. त्याला शेकड्यांनी काठ्या हव्या होत्या, सरकारात द्यायला. उंबरमाळीच्या बाजूचा वेळू त्यानं आधीच तोडून, मुरवून ठेवला होता, पारखायला जाणता माणूस पाहिजे होता. वस्तादांना सणच वाटला! कित्येक वर्षांनी एवढा माल हाताखाली आला होता. आठ दिवस ते एकेक काठी दगडावर सोडत होते. मी दाभण तापवून द्यायचो, काशिनाथ तेल लावायचा. तालमीत पुन्हा गजबज झाली म्हणून मी खूश होतो.

वस्तादांनी अर्धा माल नापास केला. ठेकेदार कपाळावर हात मारून ओरडला, ‘अहो वस्ताद, ऑर्डर नगाची आहे! सरकारला चांगली-वाईट काय कळतंय? मारा ठिपके!’

‘काठी कुनाच्या हातात जायची ते मी नाय बघत,’ वस्ताद म्हणाले. ‘पन खूण माझी हाय. खुणेची काठी मोडायची नाय!’

आम्ही टाळ्या वाजवल्या. मीसुद्धा वाजवल्या.

* * *

बेचाळीसच्या पावसाळ्यात तालुक्याला मोर्चा निघाला. काशिनाथ आणि मी गेलो होतो. कुणी काठी आणायची नाही असं ठरलं होतं, म्हणून आमचे हात मोकळे. बाहेरून आणलेली शिपायांची तुकडी बाजारात उभी होती. पुढं काय झालं ते नीट कळलं नाही. लोक पळाले, मी पडलो, उठलो, तर समोर एका शिपायानं काठी उगारलेली. ती येत होती नेमकी माझ्या डोक्यावर, जिथं लिंबू असायचं तिथं.

काशिनाथ मध्ये आला. हातात काठी असल्यासारखा त्यानं उजवा हात वर धरला. अडवायची पद्धत अगदी बरोबर होती, फक्त हातात काठी नव्हती.

डॉक्टर म्हणाले, मनगटाचा चुरा झालाय. हात राहील, पण मूठ वळणार नाही.

रेटारेटीत त्या शिपायाच्या हातून काठी पडली होती. ती मी उचलली. का, ते विचारू नका. तालमीतल्या माणसाच्या हाताला सवय असते. बैलगाडीतून काशिनाथला घरी आणताना ती माझ्या मांडीवर होती आणि वाटेतच मला चौथ्या पेरावरचे तीन ठिपके दिसले. नदी ओलांडताना फेकून द्यायला हवी होती. नाही फेकली. आयुष्यात मी पुष्कळ चुका केल्या, पण ही मला झोपू देत नाही.

घरी ओटीवर काशिनाथला टेकून बसवलं. वस्तादीणबाई तोंडात पदर कोंबून रडत होत्या. वस्तादांनी मुलाचा बांधलेला हात पाहिला, मग माझ्या हातातली काठी पाहिली. माझ्याकडून घेतली. अंगठा पेरांवरून मोजत वर नेला आणि चौथ्यावर थांबवला.

मग ते पायरीपाशी गेले. काठी उभी धरली, वीतभर उचलली आणि दगडावर सोडली. डोळे मिटून उभे राहिले. आवाज आम्हा सगळ्यांनाच ऐकू आला.

काशिनाथनं विचारलं, ‘बा, कशी हाय?’

वस्तादीणबाई पुढं झाल्या. नवऱ्याचे पाय धरून म्हणाल्या, ‘आज तरी भुंगा लागलाय म्हना हो. पोरासाठी म्हना.’

वस्तादांनी डोळे उघडले. मुलाकडं बघितलं. ओठ दोनदा हलले, आवाज फुटला नाही. तिसऱ्यांदा फुटला.

‘चांगली हाय रे.’