तारीख नसताना शेकलेलं पोट

आवडाबाई काल पिशोरहून एसटीनं आल्या, तेव्हा लक्ष्म्यांचे पितळी मुखवटे त्यांनी मांडीवरून खाली ठेवले नव्हते. लेकानं मुकुंदवाडीत घर घेतलं, म्हणून यंदा लक्ष्म्या पहिल्यांदाच शहरात बसणार होत्या. आणि नेमक्या लक्ष्म्या यायच्या दिवशी सकाळीच त्यांना न्हाणीच्या दाराआड शेकायची लाल रबरी पिशवी दिसली. तोंड खाली करून वाळत टांगलेली.

"तनुजा, बाजूला हायेस का?"

"नाही, आत्याबाई."

"मंग ही पिशवी कशापायी?"

"पोट दुखत होतं जरा."

"एकाच तव्यावरचं खाल्लं सगळ्यांनी. माझं नाय दुखलं." त्यांनी मुखवट्यांचं गाठोडं स्वतःकडं ओढलं. "देवाचं काम हाय, लपवू नगं बाई. सैपाकाला मी शेजारच्या केसरबाईला बोलावते."

'हो, बाजूला आहे' म्हणणं तनुजाला सोपं होतं. पण मग स्वतःच्या घरच्या पहिल्या लक्ष्म्यांना कोपऱ्यात बसायचं. शिवाय नवऱ्याला, शिवराजला, तिची तारीख माहीत होती. हे खोटं त्याला लगेच कळलं असतं, आणि त्याच्या मनात आधीच काय कमी साचलं होतं?

दुखणं वर्षभरापूर्वी सुरू झालं होतं. नवऱ्याजवळ असताना नाही, त्यानंतर. तेही दर वेळी नाही. तिला स्वतःला सुख मिळालं की पाठोपाठ ओटीपोटात कुणी ओलं कापड पिळावं तशी कळ उठायची. सुख नाही मिळालं तर काहीच नाही. हे ध्यानात आल्यावर तिला पहिला संशय स्वतःचाच आला. आपल्यातच काही वंगाळ आहे, म्हणून ही शिक्षा. मग ती ऐन वेळी स्वतःला आवरू लागली. दात दाबायचे आणि उद्याच्या डब्याची भाजी मनात चिरायची.

शिवराज चिकलठाण्याच्या कंपनीत मशीनच्या आवाजावरून बिघाड ओळखायचा. बायकोतला बदलही त्यानं ओळखला, फक्त अर्थ भलताच लावला. "मन कुठं असतं गं तुझं?" असं आधी विचारलं, मग विचारणंच सोडलं. तिचा फोन वाजला की मात्र मान वळायची. एकदोनदा तिनं त्याला आपला फोन चाळतानाही पाहिलं होतं. पुढं 'उकडतंय' म्हणून तो बाहेरच्या दिवाणावर झोपू लागला. कूलर आतल्या खोलीत होता.

गेल्या महिन्यात ती सिडकोतल्या एका डॉक्टरीणबाईंकडं एकटीच गेली. बाईंनी पुन्हा पुन्हा विचारलं तेव्हा कुठं बोलली. बाई हसल्या नाहीत.

"त्या वेळी गर्भाशय आणि भोवतीचे स्नायू आवळतात. काहींचे लगेच सैल होत नाहीत, मग कळ येते. तुमची सोनोग्राफी चांगली आहे, पण तीत सगळंच दिसतं असं नाही. वाढलं तर पुढं तपासू. शेक घ्या, पोट सैल सोडून सावकाश श्वास घ्या. व्यायाम दाखवते, गोळी लिहून देते. आणि मिस्टरांना सांगा."

बाकी सगळं तिनं केलं. सांगणं तेवढं राहिलं. दुखतं हे कुणालाही सांगता येतं, पण कशानं दुखतं ते कोणत्या तोंडानं सांगायचं?

काल संध्याकाळी आत्याबाई गल्लीतल्या गणपतीच्या आरतीला गेल्या. शिवराज किती दिवसांनी आपणहून जवळ आला, आणि तिनं आवरलं नाही. मग कळ आली. ती पिशवी भरून न्हाणीत जाऊन बसली. त्याला दिसली फक्त तिची पाठ.

आज तो अर्ध्या दिवसाची रजा टाकून आला, तर आईनं त्याला फाटकातच गाठलं. तो सरळ स्वयंपाकघरात आला. तनुजा नैवेद्याच्या भाज्या चिरत होती.

"आईला काय सांगितलंस? तुझी तारीख तर होऊन गेली. का माझ्याशीच खोटं चाललंय?"

विळी आडवी करून ती उठली. "काल तुम्ही काय समजलात?"

"काय समजायचं? हात लावला की पळती. कुणाची आठवण येती ते तूच सांग."

"कळ येते मला. नंतर. चांगलं वाटल्यावर."

"चांगलं वाटल्यावर दुखतं? असं कुठं असतंय?"

"असतं. डॉक्टरबाईंना विचारलंय. चांगलं वाटलं तरच दुखतं."

त्यानं डोळे बारीक केले. मग हळूच म्हणाला, "मंजी काल..."

"हो."

"अन् मी आपला..."

"माहीत आहे. फोन बघून झाला का सगळा?"

शिवराजचे कान लाल झाले. तेवढ्यात दारात आवडाबाई उभ्या. "काय कुजबुज चाललीय? केसरबाईला हाक मारू का नगं?"

शिवराज न्हाणीकडं गेला आणि पिशवी काढून घेऊन आला. "आई, ही माझी हाय. कंबर धरलीय."

"तुझी? मंग ही स्वतःचं पोट का म्हनली?"

"मीच म्हनलो, आईला सांगू नको. तू लगेच तेल घिऊन बसतीस."

आवडाबाईंनी खरोखरच तेल आणलं, त्याला दिवाणावर पालथं पाडलं आणि कंबरेत अंगठे रोवले.

"कुठं दुखतंय?"

"डावीकडं... आई गं!"

"आत्ता उजवीकडं दाबलं, तवा का वरडलास?"

"तिकडं बी दुखतंय."

त्यांनी लेकाकडं पाहिलं, सुनेकडं पाहिलं. पटलं काहीच नव्हतं. पण लक्ष्म्या यायची वेळ झाली होती, आणि केसरबाईचं पुरण नेहमी सैल होतं, असं त्यांनी कालच आरतीला ऐकलं होतं. त्यांनी गाठोडं तनुजाकडं सरकवलं.

"घे, चिंचेनं घास. माझ्या डोळ्यांसमोर."

तनुजा मुखवटे घेऊन खाली बसली. वर दिवाणावर शिवराज उशीत तोंड खुपसून विव्हळत होता. आता बहुतेक खराच.

"अन् शिवराज," तेलाचे हात पुसत आवडाबाई म्हणाल्या, "कंबर दुखती म्हनतोस तर या फळीवर झोपू नगं. आजपासून आत गादीवर झोप. अन् ही पिशवी बी आतच ठेव."