तलावात एकच थर निघाला

पत्रक मीच लिहिलं होतं: "बारा वर्षांचा गाळ, बारा वर्षांची हरामखोरी!" आमच्या पाणी सोसायटीचे बारा वर्षांपासूनचे अध्यक्ष, सगळ्यांचे तात्या, गाळ काढल्याच्या नुसत्या थापा मारतात, असा सरळ आरोप. रविवारी त्यांना पदावरून काढायची सभा होती. दुष्काळानं पाझर तलाव कोरडाठाक पडला होता आणि कमरेएवढा गाळ सगळ्या गावाला दिसत होता. आणखी पुरावा कशाला?

तरी पक्कं काम म्हणून अंबाजोगाईच्या कॉलेजात खडक-मातीचं शास्त्र शिकवणाऱ्या मॅडमना बोलावलं. त्यांनी बारा थर मोजून द्यावेत, बस. तात्याही आले. तलावाच्या मध्यावर खड्डा खणला. मॅडम आत उतरल्या, खुरप्यानं भिंत साफ केली.

"हा तर एकच थर आहे," त्या म्हणाल्या.

मला हसूच आलं. "कमरेएवढा? एकच?"

"दरवर्षी थोडा थोडा बसला असता तर पापुद्रे दिसले असते, मध्ये सुकल्याच्या भेगा. इथं बघा. तळाला खडे, वर वाळू, मग बारीक होत होत माथ्यावर चिखल. सगळं एका दमात आलंय. मातीनं जड झालेलं पाणी तलावाच्या पाण्याखालून तळ धरून पळतं, म्हणून खडे इथवर पोचले. खोल समुद्रात तयार झालेले खडक आम्ही ह्याच खुणांवरून ओळखतो."

थराखालच्या कडक मातीत जेसीबीच्या दातांचे ओरखडे होते. म्हणजे तात्यांनी गाळ उपसलेला होता. आणि तळाचे खडे तांबडे! तांबडा मुरूम फक्त वरच्या उतारावर, जिथं आम्ही पोरांनी मागच्या उन्हाळ्यात श्रमदानानं चर खणले. मुरूम ओढ्याकाठी ढीग करून सोडला, कारण फोटोत ढीग झकास दिसत होता. मग एकच पाऊस आला, धो धो, आणि पुढं आभाळानं तोंड फिरवलं. त्याच खड्यांत एका बाजूला चुना लावलेला दगड सापडला. चराची रेघ आखायला आम्हीच रंगवलेला.

"ढीग उचला म्हणलो व्हतो," तात्या वरून म्हणाले. "तर मलाच म्हणलास, तुमी मीटिंगा सांभाळा. लई झ्याक छापलंस बे."

रविवारी मी सभेत उभा राहिलो. म्हणालो, पत्रक खोटं आहे, गाळ आपला आहे.

"बस बे खाली!" ओरडलं कोण? माझ्यासंगं चर खणलेली माझीच पोरं. "किती चहा पाजला रे तात्यानं?"

एकानं माझंच पत्रक मोठ्यानं वाचून दाखवलं. टाळ्या पडल्या. तात्यांना काढायला हात वर झाले, झाडून सगळे. तात्यांनी सोसायटीच्या किल्ल्या टेबलावर ठेवल्या, चपला घातल्या, आणि माझ्याकडं न बघता गेले.

मी अजून उभाच होतो. नवा अध्यक्ष म्हणून पोरं माझंच नाव घेत होती.