एकशे बाराव्या क्रमांकाचा मालक

झुवैना बिंत खल्फानने आपल्या शेळ्यांनाही क्रमांक दिले होते, हे मी स्वतः पाहिलंय. सांगून आलेल्या दोन नवऱ्यामुलांनाही दिले होते म्हणतात. ते मी पाहिलेलं नाही, पण सांगायला काय जातं! निझवा शहरात कॉम्प्युटर शिकून ती गावी परतली आणि पाटाच्या कचेरीत बसली. डोंगरातून येणारा आमचा पाट, त्याच्या अर्ध्या-अर्ध्या तासाच्या पाळ्या आणि त्यावर जगणाऱ्या बागा. गावाचा जीव तेवढ्यातच.

पाळ्यांची जुनी वही म्हाताऱ्या पाटकऱ्याची. प्रत्येक ओळीत मालक, त्याचा बाप, बाग, वेळ, सगळं पुन्हा पुन्हा. मालक गेला की चाळीस ओळी बदलायच्या. म्हातारा तीस बदलायचा आणि कॉफीला उठायचा. उरलेल्या दहा ओळींत मेलेला माणूस पाणी घेतच राहायचा. त्यात आमच्याकडे नातवाला आजोबाचं नाव. कोण बागेत आणि कोण कबरीत, वही वाचून कळायचं नाही.

झुवैनाने तीन तक्ते केले: माणसांचा, बागांचा, पाळ्यांचा. माणूस एकदाच लिहायचा, त्याचा क्रमांक त्याचाच. पाळीच्या ओळीत नाव नाही. मालकाचा क्रमांक आणि बागेचा, बस.

"ज्याची गोष्ट त्याच्याच ओळीत," ती मला म्हणाली. "तुमच्यासारखी दहा घरी दहा तऱ्हांनी नाही, आजोबा."

सगळं सुरळीत होतं. मग पाटाचा प्रमुख शेख सैफ तक्ता वाचायला बसला आणि एकशे बारावर अडला. नाव: बोरीखालचा. बाप, आजोबा: रिकामे.

पाटाच्या तोंडाशी ती बोर आहे. दर सातव्या दिवशी अस्रच्या, म्हणजे तिसऱ्या प्रहरच्या नमाजानंतर अर्धा तास पाणी तिच्या मुळाशी सोडतात आणि मागे न बघता परततात. का, ते कुणी विचारत नाही.

"सरकारी कागदात जिन्न?" सैफ भडकला. "काढ त्याला!"

झुवैनाने पुसायला घेतलं. यंत्र पुसू देईना: या मालकाच्या नावे पाळ्या आहेत, आधी त्या काढा.

"एकच तर आहे," ती म्हणाली. यादी उघडली. दोन होत्या. दुसरी घालियाच्या बागेची.

घालिया विधवा बाई. लिंबाची अकरा झाडं, आणि या एका पाळीचं तेवढंच पाणी. दुष्काळात सगळे बागा सोडून निघाले, तेव्हा तिचा नवरा हारिब एकटाच बोरीकडे गेला होता आणि येताना अर्ध्या तासाची पाळी घेऊन आला. आम्ही समजलो, कुणा पाहुण्याकडून मिळवला. वहीत खरा मालक लिहिलेला होता, पण त्या ढिगात वाचतो कोण? झुवैनाने स्वतः टाइप केलं, तिलाही दिसलं नव्हतं.

"दोन्ही पाळ्या मशिदीच्या बागेला," सैफ म्हणाला.

"मग घालिया खालाची लिंबं?"

"मालकच नाही तर पाळी कुठली?"

मी मध्ये तोंड घातलं, "अगं, मालकाच्या जागी घालियाचा क्रमांक टाक, सुटलं."

"त्याने दिल्याशिवाय?" झुवैना हळूच म्हणाली.

घालियाला बोलावलं. ती दाराशी बसली, कॉफीचा प्याला हातात.

सैफ हसला. "बरं, राहू दे तुझा एकशे बारा. पण नियम तुझाच ना, झुवैना? 'हयात की मयत' हा रकाना रिकामा चालत नाही. मयत असेल तर वारस दाखव. नसेल वारस, तर पाळ्या माझ्या हाती."

झुवैनाची बोटं कळांवर थांबली. घालियाने प्याला खाली ठेवला.

"हयात लिही, पोरी."

"कशावरून?" सैफ.

"दर पाळीला दार वाजवतो. उठ, पाणी आलं, म्हणतो. हारिब वारला त्या आठवड्यापासून. एकदा चुकलेला नाही."

"आणि तू दार उघडतेस?"

"सुरुवातीला नव्हते उघडत," ती म्हणाली.

झुवैनाने 'हयात' लिहिलं. यंत्राने काही न विचारता ते घेतलं. सैफने उभ्या-उभ्याच सही केली, चप्पल उलटी घातली आणि अस्रच्या आत घर गाठलं. लिंबं आजही धरतात. मी मात्र ती खात नाही.