सोमवारी बोललेलं खोटं

खरं बोलण्यापायी अख्ख्या नालवाडी वस्तीशी वाकडं घेतलेला आणि तरीही तिच्याच भल्यासाठी झटणारा माणूस म्हणजे आमचे घरमालक काका. निवृत्त मास्तर. सख्ख्या पुतण्यासाठी मुलगी बघायला गेले आणि पोहे खाताखाता मुलीच्या बापाला म्हणाले, "पोरगी हुशार हाये तुमची. आमचा पोरगा आळशी हाये. पाहा बुवा." सोयरीक तिथेच मोडली. काकू अजून ऐकवतात, "तुमच्या खऱ्यापायी दारात पावना येत नाई." काकांचं उत्तर ठरलेलं, "माणूस येते-जाते. सत्य राह्यते."

सोमवारी त्यांचं मौन. काही सांगायचं तर पाटीवर लिहितात. मी सातवीतून शाळा सोडून सांगलीकडून इथे वेल्डिंगच्या कामाला आलेला. पहिल्या सोमवारी घाबरून मीही उत्तर पाटीवरच लिहिलं. काकांनी चार चुका दुरुस्त करून पाटी परत दिली.

गेल्या वर्षी नेमकं सोमवारीच भरदुपारी माझं अपेंडिक्स फुटायला आलं. काकूंनी रिक्षात घालून दवाखान्यात नेलं. तिकडे गावी आईचं हृदय नाजूक. तिला कळू द्यायचं नव्हतं. काकूंवर भरवसा होता. धास्ती काकांची होती. आणि घाईत माझा फोन घरीच चार्जिंगला राहिलेला! मी ऑपरेशनला आत गेलो आणि इकडे घरी आईचा फोन वाजायला लागला. एकदा, दोनदा, दहादा. अकराव्यांदा काकांनी उचलला. "तुमचं पोरगं मजेत हाये, बाई. जेवलं अन् झोपलं." एका फटक्यात मौनही गेलं आणि सत्यही.

प्रायश्चित्त म्हणून काकांनी दोन दिवस पाण्याशिवाय काही घेतलं नाही. काकू माझ्या खाटेशी बसून म्हणाल्या, "ऑपरेशन तुह्यं, अन् लंघन दोघायचं!" तिसऱ्या दिवशी काका स्वतः आले. माझ्याकडे न बघता म्हणाले, "मले खोटं बोलावं लागलं. टाके निघाले की आईले खरं सांगजो."

सांगितलं. आई म्हणाली, "मला तवाच कळलं रं. दुपारचा तू झोपतोस कवा? पण त्यो बाबा इतका चाचरत हुता, म्हटलं, माझ्या लेकराजवळ कुणीतरी हाय."

"आई रागावली काय?" काकांनी नंतर विचारलं. "नाही," एवढंच म्हणालो. ते खरंच होतं. पण आयुष्यात एकदा एका माणसासाठी त्यांनी सत्य सोडलं आणि तेही त्यांना नीट जमलं नाही, हे त्यांना कोणत्या तोंडाने सांगू?